आठ भेटींचं काम

नांदेडची गाडी हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनला लागते. उतरणाऱ्यांत बरेच जण पेशंटला घेऊन आलेले असतात; मराठवाडा पूर्वीपासून मोठ्या दुखण्याला हैदराबाद गाठत आला आहे. इथल्या दवाखान्यातल्या समाजसेविकेला असं कुटुंब एकदा भेटतं, फार तर दोनदा. तिच्या हाताशी वर्षभराची मुदत नसतेच. म्हणून थोड्या भेटींचा उपयोग किती, हा प्रश्न मला तिच्या बाजूने फार निकडीचा वाटतो.

*

न्यूयॉर्क, १९६९. हाच प्रश्न घेऊन समाजकार्याचे अभ्यासक विल्यम रीड आणि अ‍ॅन शाइन यांनी केलेला १२० कुटुंबांचा अभ्यास. काहींना ठरवून आठच भेटी, काहींना दीड वर्षापर्यंत मदत. आठवाले कमी पडले नाहीत. १९७२ मध्ये रीड आणि लॉरा एपस्टाइन यांनी त्यातून पद्धत बांधली: अडचण माणसाने स्वतः सांगितलेली, कामं दोघांनी मिळून ठरवलेली, शेवटची तारीख पहिल्यापासून माहीत. मला वाटतं, बळ त्या तारखेत आहे.

*

आपल्याकडचा भक्कम पुरावा गोव्याचा. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेतले त्यांचे सहकारी. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं, तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण, सहा ते आठ बैठका. बोलणारे समुपदेशक गावातलेच, मानसशास्त्राची पदवी नसलेले. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले ६४ टक्के. फक्त केंद्रातले उपचार मिळालेल्यांत ३९. बायकांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी झाली. वर्षानंतरही फायदा टिकून होता.

*

गोव्यातच याच मंडळींनी दारू पिणाऱ्या पुरुषांवर केलेल्या प्रयोगात बैठका एक ते चार. मागच्या १४ दिवसांत दारूला न शिवलेले पुरुष ४२ टक्के, बैठका न मिळालेल्या गटात १८. मोठं यश! पण बायकोला होणाऱ्या मारहाणीत फरक दिसला नाही. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. नवऱ्याचा पेला मोजला म्हणजे घर मोजलं असं होत नाही. त्या बाईसाठी वेगळं काम लागेल, आणि ते चार बैठकांत आटोपेल असं मला वाटत नाही.

*

भेटी थोड्या म्हणजे खर्च थोडा, असा हिशेब करणाऱ्यांनी गोव्यातली देखरेख पाहावी. बैठकांचं ध्वनिमुद्रण व्हायचं, समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या कामाला गुण द्यायचे. हैदराबादच्या दवाखान्यांत ही पद्धत आणायची तर समाजसेविकेच्या आठवड्यातून तेवढे तास आधी मोकळे करावे लागतील. शिवाय कुटुंब नांदेडला परतल्यावर त्यांना फोन करायला तिच्याकडे वेळ हवा, तोही पगारी.