वेर्थरचे शेवटचे वाक्य

जर्मनमधील एकपदी प्रेटेरिटुम आणि सहायक क्रियापदासह येणारे पेर्फेक्ट या दोन भूतकाळी रूपांतील भेद पाठ्यपुस्तके लेखी आणि बोली असा करून मोकळी होतात. दक्षिण जर्मनीच्या बोलींतून प्रेटेरिटुम जवळजवळ लुप्त झाले, हे खरेच. परंतु गटेच्या ‘वेर्थर’चा (१७७४) शेवट मराठीत आणताना मला हा खुलासा अपुरा वाटला. तेथे संपादक दफनाची हकीकत प्रेटेरिटुममध्ये सांगतो. धर्मगुरूच्या अनुपस्थितीचे अखेरचे वाक्य मात्र पेर्फेक्टमध्ये येते. हाराल्ड वाइनरिख यांनी १९६४ साली ‘कथित जग’ आणि ‘चर्चित जग’ असा भेद या रूपांत मांडला. त्या दृष्टीने पाहता येथे कथन थांबते आणि आत्महत्येला नाकारणारी धर्मव्यवस्था चर्चेसाठी वाचकापुढे येते. मराठीत ‘गेला’ आणि ‘गेला आहे’ हा भेद हाताशी आहे. पण वाक्य पडले नकारार्थी, आणि नकारात दोन्ही रूपे ‘गेला नाही’मध्ये विरतात! ‘गेलेला नाही’ म्हणावे, तर ‘अजून’ची छटा डोकावते, जणू धर्मगुरू वाटेत असावा. अखेर मी ‘गेला नाही’ हेच ठेवले, आणि त्याआधी परिच्छेद तोडला. मुळात तो तेथे तुटत नाही.