घोडेगावची कांदाचाळ आणि हवेवरची झाडं

अहिल्यानगर सोडलं, इमामपूरचा घाट आणि पांढरीपूल मागे टाकला, की संभाजीनगर रस्त्यावर घोडेगाव येतं. बहुतेक प्रवासी इथून शनिशिंगणापूरच्या फाट्याला वळतात. आम्ही मात्र गावातच उतरतो, कारण घोडेगाव हे आमच्या मुलांचं आजोळ. शुक्रवारी आलात तर रस्त्याच्या कडेला म्हशींनी भरलेल्या पिकअप दिसतील. दुभत्या म्हशींचा इथला बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. इतर दिवशी गाव कांद्याचं. ट्रॉल्या, गोण्या आणि हवेत तो ओळखीचा उग्र वास.

मागच्या मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून निघालो, तेव्हा कपड्यांच्या बॅगांबरोबर एक पुठ्ठ्याचं खोकंही होतं. त्यात सात रोपं होती. कुंडी नाही, माती नाही, नुसती रोपं. नानींनी खोकं उघडून पाहिलं आणि विचारलं, "ही उपटून का आणलीत? लावायची कुठं?"

"लावायची नसतातच," मुलगी म्हणाली. "ही हवेवर जगतात."

या झाडांना एअर प्लांट म्हणतात. शास्त्रीय नाव टिलँड्सिया. अननसाच्या कुळातली ही झाडं मूळची अमेरिका खंडातली. अमेरिकेच्या दक्षिण भागापासून थेट अर्जेंटिनापर्यंत झाडांवर, खडकांवर, काही ठिकाणी तर विजेच्या तारांवरही ती वाढतात. जाती सहाशेच्या वर. मुळं फक्त धरून राहण्यापुरती. पाणी पितात ती पानं. पानांवर बारीक रुपेरी खवले असतात, ते पाणी टिपून आत पोचवतात. म्हणूनच रुपेरी दिसणारं पान भिजलं की हिरवं होतं.

नावाचा किस्साही गमतीचा आहे. सतराव्या शतकात फिनलंडमधल्या तुर्कू शहरात एलियास टिलँड्स नावाचे वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. असं सांगतात की, एकदा समुद्रप्रवासात त्यांचे इतके हाल झाले, की परतताना त्यांनी आखाताला वळसा घालून शेकडो मैलांचा खुश्कीचा रस्ता धरला. पुढे लिनियसने या झाडांना त्यांचं नाव दिलं. ही झाडंही पाण्याला भितात, अशी त्याची समजूत होती.

त्याच समजुतीनं आमची झाडं मेली. छंद सुरू केला तेव्हा आमच्याकडे चौदा रोपं होती. विकणाऱ्यानं सांगितलं, "पाणी लागतच नाही." आम्ही विश्वास ठेवला आणि चार रोपं वाळून कागद झाली. मग घाबरून उरलेली काचेच्या भांड्यात ठेवली आणि रोज फवारा मारू लागलो. तीन आतून सडली. उरली सात. घरी महिनाभर पाहायला कुणी नव्हतं, म्हणून सोबत आणली. घोडेगावच्या मे महिन्यात ती टिकतील, अशी आशा फारशी नव्हती.

नानांनी खोक्यातलं एक रोप उचललं. बल्बोसा त्याचं नाव. बुडाशी कांद्यासारखी फुगीर आणि वर वाकड्यातिकड्या पानांच्या शेंड्या. नानांनी ते बोटांनी दाबलं, नाकाला लावलं आणि म्हणाले, "हा कांदा सडलाय, बेटा. मानेतून पाणी गेलंय याच्या."

आम्ही म्हणालो, "नाना, हा कांदा नाही."

"नसू दे. सडायची रीत तीच आहे."

मग ते आम्हाला मागच्या कांदाचाळीत घेऊन गेले. आम्ही ती चाळ कितीदा पाहिली होती, पण समजून घेतली नव्हती. जमिनीपासून उचललेला तळ, त्याला फटी, बाजूंना पट्ट्यांच्या जाळीदार भिंती, वर पत्रा. वारा खालून शिरतो आणि बाजूनं निघून जातो. गावरान कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. आधी पातीसकट सुकवतात, मग इंचभर मान ठेवून पात कापतात. मान पुरती मिटली, वाळली, की कांदा चाळीत जातो आणि दिवाळीपर्यंतही टिकतो. मान ओली राहिली, तर एक कांदा सडतो आणि शेजारच्या दहांना घेऊन जातो. ढीगही फार उंच करायचा नाही, नाहीतर मधल्या कांद्याला वारा मिळत नाही.

"पाणी वाईट नसतं," नाना म्हणाले. "शेतात आपण पाणी देतोच की. ते जाऊन बसतं कुठं, हे बघायचं."

आमच्या चुकीचं उत्तर तिथं होतं. बल्बोसाचं बूड आतून पोकळ असतं. त्याच्या मूळ देशात मुंग्या त्यात घर करतात. आम्ही काचेच्या बंद भांड्यात त्या पोकळीत पाणी साठवत होतो. ते रोप गेलं. बाकीची सहा रोपं नानांनी चाळीच्या उत्तरेकडच्या पडवीत टांगायला सांगितली. तिथं उजेड होता, वारा होता, पण दुपारचं ऊन नव्हतं.

टांगायला मामूंनी जुन्या मोटारीची तांब्याची तार काढून दिली. ती मात्र आम्ही नम्रपणे परत केली. तांबं या झाडांना विषासारखं आहे. शुक्रवारी मामूंबरोबर मुलगा जनावरांच्या बाजारात गेला. कासरे, वेसणी आणि घुंगरांच्या दुकानांतून नायलॉनची बारीक दोरी घेऊन आला. जुम्म्याची नमाज झाल्यावर सगळ्यांनी मिळून बाभळीच्या वाळक्या ओंडक्यांवर रोपं बांधली.

पाण्याची जबाबदारी नानींनी घेतली. बोअरचं पाणी चालणार नव्हतं. ते इतकं क्षाराचं, की बादलीला पांढरा थर चढतो. तोच थर पानांच्या खवल्यांवर बसला तर झाड तहानेनं मरतं. म्हणून पिण्यासाठी आणलेल्या शुद्ध पाण्यातून एक घमेलं बाजूला ठेवायचं ठरलं. फजरनंतर, एक दिवस आड, अर्धा तास बुडवायचं. मग उलटं धरून झटकायचं आणि वाऱ्यावर टांगायचं. तीन-चार तासांत पानांचं बूड कोरडं झालंच पाहिजे. सकाळच का? कारण ही झाडं रात्री श्वासाची दारं उघडतात. रात्री पान ओलं असलं, तर ती दारं बंद पडतात.

शेजारच्या एका काकांनी हे पाहून म्हटलं, "बांडगूळ पाळलंय का?" प्रश्न चुकीचा नव्हता. आंब्यावरचं बांडगूळ सगळ्यांनी पाहिलेलं असतं. फांदीत मूळ घुसवून ते झाडाचाच रस पितं. हे झाड मात्र फांदीवर नुसतं बसतं आणि आपला घास आपण हवेतून मिळवतं. नानी हसून म्हणाल्या, "म्हणजे स्वतःचा डबा घेऊन येणारा मेहमान!"

सुट्टी संपली. सहाही रोपं आम्ही घोडेगावलाच ठेवून आलो.

पावसाळ्यात नाना-नानींना घेऊन याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, भंडारदऱ्याला गेलो. घोडेगावच्या उघड्या माळानंतर ते धुकं पाहून वाटेना की जिल्हा एकच आहे. तिथल्या झाडांच्या फांद्यांवर शेवाळ आणि त्यात रानटी ऑर्किड होती. हीसुद्धा अशीच, झाडावर बसून हवेतलं पाणी पिणारी. सह्याद्रीतली 'सीतेची वेणी' यांतलीच. मुलानं हात पुढे केला, "एक नेऊ या का?" नानांनी त्याचा हात धरला. "हे कुणी पेरलेलं नाही. आपण नेलं, तर इथं पुन्हा कोण लावणार?"

आम्हालाही ते ऐकायची गरज होती. छंद वाढला की हाव वाढते. झेरोग्राफिका नावाची सुंदर रुपेरी जात जंगलातून इतकी ओरबाडली गेली, की तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. तेव्हापासून आम्ही रोपवाटिकेत वाढवलेलंच रोप घेतो, आणि विचारून घेतो.

हिवाळ्यात घोडेगावला गेलो, तेव्हा पडवीतलं आयोनँथा आतून लालभडक झालं होतं आणि त्यातून जांभळी फुलं निघाली होती. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं. त्यानंतर बुडाशी पिल्लं येतात आणि आईचं झाड हळूहळू ओसरतं. आमच्या झाडाला तीन पिल्लं आली होती. पिल्लू आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं झाल्याशिवाय वेगळं करायचं नाही, एवढंच लक्षात ठेवायचं.

मुलीला आता दोन जातींचा संकर करायचा आहे. आयोनँथा आणि ब्रॅकिकॉलोस यांच्यापासून 'व्हिक्टोरिया' हा संकर झाला, हे तिनं वाचलं आहे. दोन्ही झाडं एकाच वेळी फुलायला हवीत, परागकण हातानं द्यायला हवेत, आणि बियांपासून फूल यायला अनेक वर्षं जातात. नाना म्हणाले, "लाव. इन्शाअल्लाह तुझी मुलं बघतील." तिनं एक वही केली आहे. प्रत्येक रोपाचं नाव, आईबाप आणि तारीख त्यात लिहिते. नाव हरवलेला संकर संग्रहात कुणी धरत नाही.

वाचकांपैकी कुणाला हा छंद करायचा असेल, तर एकाच रोपानं सुरुवात करा. काचेचं भांडं घेऊ नका. रोप भरपूर भिजवा, झटका आणि वाऱ्यावर ठेवा. आणि घरात कांदा साठवणारं कुणी जुनं माणूस असेल, तर आधी त्यांना विचारा.

तिन्ही पिल्लं अजून आईलाच धरून आहेत. पहिलं सुटेल ते बल्बोसाच्या रिकाम्या ओंडक्यावर बांधायचं, असं नानींनी ठरवून ठेवलं आहे.