दुसरी टोपी

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या तळाशी लोकरीची एक टोपी सापडली. मोसंबीवर चढवायची तरी ताणावी लागेल एवढी, आणि तिची जोडीदारीण कुठे गेली या शोधात माझी सारी दुपार सरली.

आमच्या जुळ्या कन्या एकतिसाव्या आठवड्यात जन्मल्या. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ बसायला साधारण चौतिसावा आठवडा उजाडतो. तोवर दूध नळीने, थेंबांच्या हिशेबाने. मधूनच धाकटी श्वास घ्यायचे विसरे, परिचारिका तिच्या तळव्यावर हलकी टिचकी मारी आणि तिला जगण्याचे स्मरण होई. काचेबाहेर आम्ही दोघे मात्र तेवढा वेळ आपलाही श्वास अडवून उभे असू. अर्भकांना ऊब देणाऱ्या काचपेट्यांच्या तुटवड्यापायी १९७८ साली बोगोता शहरात डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी अशी अर्भके आईच्या उघड्या छातीशी बांधण्याचा मार्ग काढला, त्यांचे ऋण मी माझ्या छातीवर वाहिले आहे.

पुढे थोरलीच्या रवानगीचा हुकूम झाला आणि धाकटीचा तहकूब राहिला. उंबरठ्यावर आई भाकरतुकडा घेऊन उभी होती, पत्नी म्हणाली, “आई, आत्ता नको. धाकटी आली की दोघींवरून एकदमच ओवाळा.” त्यानंतरचे एकोणीस दिवस पाळण्यात एक मूल आणि दाराशी एक न झालेला समारंभ असे आमचे घर होते. थोरली हसली की हसू अपुरे वाटे. बर्फात ठेवलेली दुधाची बाटली घेऊन मी रुग्णालयाकडे निघालो की मागे राहिलेलीशी प्रतारणा केल्यासारखे होई. आनंदाची वाटणी होत नाही, आणि अर्धा आनंद हा आनंदच नव्हे, हे मला तेव्हा उमगले.

गांधारीचे कुंभ अलीकडे वारंवार मनात येतात. तिचा प्रसव दोन वर्षे लांबलेला, आमचा अकाली. पण मांसपिंडाचे अंगठ्याच्या पेराएवढे एकशेएक भाग तुपाच्या कुंभांत ठेवून व्यासांनी ते उघडण्याची मुदत ठरवून दिली, तेव्हा वाट पाहण्याचे काम तिच्याही वाट्याला आलेच. डोळ्यांवर पट्टी बांधलेली ती माता मध्यरात्री उठून हातांनी चाचपत, एकेका कुंभाला कान लावीत हिंडली असेल का, आणि पहिल्यांदा कोणत्या कुंभापाशी थांबली असेल?