हरलेला डाव

मुलांनो, बुद्धिबळाचे किती शब्द तुमच्या ओळखीचे आहेत पाहा : वजीर, प्यादे, शह, मात. फक्त हत्ती सांभाळा. उर्दूतला फील तिरका चालतो, मराठीतला हत्ती सरळ!

छत्रपती संभाजीनगरात आमच्या शेजारचे चाचा डाव संपला तरी पट आवरू देत नाहीत. परवा आठवीतला एक मुलगा चार चालींत हरला आणि रागाने उठला.

"बस बेटा, डाव पहिल्यापासून लाव," चाचा म्हणाले.

तिसऱ्या चालीलाच चाचांचा वजीर आणि उंट, दोघांचा रोख मुलाच्या राजाजवळच्या एका प्याद्यावर होता. वजिराला हाकलण्यासाठी मुलाने घोडा काढला होता, आणि तिथेच मात झाली होती.

"आता काय करशील?"

बराच वेळ पाहून त्याने आपला वजीर राजापुढे आणून ठेवला. प्याद्याला जोर मिळाला! उत्तर त्याचे त्यालाच सापडले, हे मला फार आवडले.

मग चाचांनी पंजाबच्या मीर सुलतान खान यांची गोष्ट काढली. जुन्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. त्यामुळे विलायतेतील डावांची सुरुवात त्यांना नवखी होती. तरी त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले.

मुलाने हे ऐकले की नाही, कोण जाणे. तो सोंगट्या मांडू लागला होता.