खुंटीवरचा सदरा

रिकाम्या कपड्यांचं चित्र काढायला बसलो की मी आधी कोपर शोधतो. रोजच्या वापरातल्या सदऱ्याच्या बाहीला कोपराच्या आतल्या अंगाला ज्या चुण्या पडतात, त्या धुऊनही पुरत्या जात नाहीत. माणूस तिथे असतो. शिवाय कॉलरची विटलेली कड, खिशावर चुन्याच्या डबीने घासून उमटलेला गोल, ओझ्याच्या खांद्यावर विरलेलं कापड. एवढं नीट उतरलं तर चेहऱ्याची गरज नाही.

खुंटीवर सगळा भार एका जागी येतो आणि चुण्या तिथून खाली पसरतात. या चुण्या खुंटीच्या, माणसाच्या नव्हेत. त्या मी हलक्या पेन्सिलीने काढतो, अंगाने पाडलेल्या गडद. हा भेद कळला नाही तर चित्रात नुसतं कापड उरतं.

व्हॅन गॉगने 1886 मध्ये जुने, चुरगळलेले बूट रंगवले, तेव्हा ते घालणारा माणूस त्याने काढला नाही. नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनातही बाबासाहेब आंबेडकरांचे असेच रिकामे कपडे आणि टाइपरायटर जपले आहेत. टाइपरायटर पाहून त्यांचं काम आठवतं. कोट पाहिला की या खांद्यांनी किती पेललं ते जाणवतं. मला कोट जवळचा वाटतो.

असे पेललेले खांदे मला गावातही दिसतात. आमचं गाव बपेरा तुमसर तालुक्याच्या टोकाला आहे. बावनथडी नदी ओलांडली की मध्य प्रदेश. मुलूख धानाचा. हाताला काम नसलं की माणसं बाहेर जातात. रोवणीला बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात, कारण उन्हाने कातडी भाजते आणि धानाचं पातं हाताला कापतं.

संध्याकाळी असा सदरा वाळत पडला की त्याच्यासारखा विषय दुसरा नाही. एका बाहीत दोन माणसं असतात. सदरा बाईला मोठा, खांद्याची शिवण दंडावर उतरते, म्हणून तिच्या कोपराच्या चुण्या नवऱ्याच्या चुण्यांच्या वर पडतात. कफाशी चिखलाची करडी रेघ तिची, कॉलरची विटलेली कड त्याची.

गेलेल्या माणसाच्या खुणा पुसट काढायची चित्रकारांना सवय असते. मला ती इथे पटत नाही. नवऱ्याच्या खालच्या चुण्याही मी वरच्यांइतक्याच दाबून काढतो. तो परमुलखात बांधकामावर आहे, धान कापायला येणार आहे.