सोंडेच्या वाटेने लोहगड

मावळातल्या माणसाला डोंगर चढायचे कौतुक ते काय? गुरे वळायला, सरपण आणायला, राबासाठी पाला तोडायला तो पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर जातच आला आहे. म्हणून वराळ्याच्या शेतकरी गटाच्या बैठकीत "एक दिवस सगळ्यांनी मिळून लोहगड चढू या" असे मी म्हटले, तेव्हा आधी हशाच पिकला. "साहेब, बिनकामाचं डोंगरावर पुण्याची माणसं जात्यात," एक जण म्हणाला. त्याचे अगदीच खोटे नव्हते. पण मला काम होते. कृषी खात्याच्या नोकरीत इतकी वर्षे मी फळ्यावर खडूने डोंगर काढून माथा, उतार, पायथा समजावीत आलो आहे. फळ्यावरच्या डोंगराने कुणाला दम लागत नाही, आणि दम लागल्याशिवाय उतार म्हणजे काय ते कळत नाही.

भाताची मळणी उरकली होती. मार्गशीर्षातला एक रविवार धरला. बायका येणार म्हटल्यावर "मग आम्हीबी येतो" म्हणणारे पुरुष वाढले आणि आकडा तेवीसवर गेला. त्यांत नऊ बाया, चार शाळकरी पोरे आणि सदुसष्ट वर्षांच्या एक मावशी होत्या. मावशींबरोबर त्यांचा कॉलेज संपवून घरी बसलेला नातू होता. तांदळाच्या भाकरी, खर्डा, झुणका आणि कांदे फडक्यात बांधून सकाळच्या लोकलने तळेगावहून मळवलीला उतरलो.

द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गाव गाठले. इथली लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. चैत्यगृहाच्या छताला लाकडाच्या कमानी आहेत, त्या त्या काळापासून अजून जागेवर आहेत. एका गड्याने त्या बराच वेळ न्याहाळल्या आणि म्हणाला, "आमच्या छपराचं वासं वीस वर्सांत वाळवी खाती." यापेक्षा जास्त वेळ आम्ही लेण्यांत काढला नाही. ऊन चढायच्या आत खिंड गाठायची होती.

लोहगडवाडीपर्यंत आता गाड्या जातात. आम्ही मात्र सोंड धरली. डोंगराची सोंड म्हणजे माथ्यावरून खाली उतरत आलेली धार. जुन्या माणसांच्या वाटा बहुतेक सोंडेवरूनच का जातात, हे पोरांना विचारले. कुणी म्हणाले जवळ पडते, कुणी म्हणाले वारा लागतो. खरे कारण पाण्याचे आहे. सोंडेवर पडलेले पाणी तिथे थांबत नाही, दोन्ही अंगांच्या घळींत उतरते. म्हणून सोंडेवरची वाट पावसाळ्यात सहसा वाहून जात नाही, आणि घळीतली वाट दरसाल नव्याने शोधावी लागते. पाणी जाते तिकडे मातीही जाते. सोंडेवर टाच आपटली तर खडक वाजतो. घळीत काठी खुपसली तर वीतभर आत जाते. म्हणून सोंड बोडकी आणि घळ झाडांनी भरलेली. हे मी सांगण्याआधीच दोन बायांनी काठ्या खुपसून पाहायला सुरुवात केली होती.

निम्म्या वाटेवर थांबलो ते ऐनाच्या झाडांपाशी. सगळ्या फांद्या तोडून नुसते सोट उभे होते. राबासाठी केलेली ती तोड. ज्यांच्याकडे भात नाही त्यांच्यासाठी सांगतो: मावळात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पाला, फांद्या, गवत आणि वर माती असे थर देऊन उन्हाळ्यात ते भाजतात आणि पावसाला सुरुवात झाली की तिथे भाताचे रोप टाकतात. त्याचे नाव राब. माझ्या खात्याने राबाविरुद्ध पुष्कळ भाषणे केली आहेत, मीही केली आहेत. पण शेतकरी वेडा म्हणून राब भाजत नाही. "न भाजता रोप टाकलं तर तण काढता काढता कंबर मोडती, साहेब," एक बाई म्हणाली, आणि तिचे बरोबर होते. भाजल्याने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते, रोप जोमाने उठते. तोटा दिसतो तो उशिरा. शेणातले नत्र धुरात जाते, आणि जमिनीत कुजायचा पाला जळून राख होतो. शिवाय ही सोटासारखी झाडे. पाऊस झेलायला यांच्यावर पानच नाही, मग थेंब थेट मातीवर आदळतो.

उपाय सांगितला तो नवा नाही. गादीवाफा करावा आणि त्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी. तूस गिरणीवर मिळते. राखेतल्या सिलिकाने रोप टणक होते. बांधावर गिरिपुष्प लावला की चिखलणीच्या वेळी हिरवा पाला घरचाच. चारसूत्री भातशेतीत हेच आहे. तणाचे मात्र त्या बाईला मी खोटे आश्वासन दिले नाही. गादीवाफ्यावर एक खुरपणी जास्त लागते. "मग एका वाफ्यावर करून बघू," ती म्हणाली. एवढे मला पुरले.

गायमुख खिंडीत पोचलो तेव्हा पोरे केव्हाच पुढे जाऊन बसली होती. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. ही जागा मला दाखवायची होती. या डोंगररांगेच्या उत्तर अंगाला पडलेला थेंब इंद्रायणीला जातो, दक्षिण अंगाचा पवनेला. इंद्रायणी कुरवंड्याहून निघून आपल्या वराळ्यावरून देहू-आळंदीला जाते आणि तुळापूरला भीमेस मिळते. पवना दापोडीला मुळेत मिळते, मुळा-मुठेचे पाणी रांजणगाव सांडसला भीमेत जाते. गटात एक माळकरी होते. त्यांनी बोटांवर सगळे जुळवून पाहिले आणि म्हणाले, "म्हंजी खिंडीच्या कोणत्याबी अंगाला पडलं तरी पानी जायाचं पंढरीलाच."

लोहगड समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० फूट. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला, १६७० मध्ये महाराजांनी परत घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले, त्यांत हा एक. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. आमची मंडळी रेंगाळली ती नारायण दरवाजापाशी, कारण तिथे भात आणि नाचणी साठवायचे भुयार आहे. हे भात कोणत्या गावांतून, कुणाच्या डोक्यावरून वर आले असेल, यावर बायांची बरीच चर्चा झाली. हातात कोयंड्याची पिशवी घेऊन चढतानाच आपल्याला धाप लागते. वरती नाना फडणीसांनी बांधलेले सोळाकोनी तळे आणि कातळात खोदलेली टाकी पाहिली. माकडांनी एका गड्याच्या भाकरी पळवल्या, तेव्हा त्याला सगळ्यांनी चतकोर चतकोर दिली आणि त्याचे जेवण सर्वांत भारी झाले.

जेवणानंतर विंचूकाटा. गडाच्या टोकाला निघालेली ही माची म्हणजेही एक सोंडच, सुमारे दीड हजार मीटर लांब आणि तीस मीटर रुंद. तिच्यावर जायला आधी थोडा कातळ उतरावा लागतो. मावशींना मी म्हटले, "तुम्ही इथेच बसा." त्यांनी कासोटा घट्ट केला आणि नातवाच्या आधी खाली उतरल्या.

माचीवरून दक्षिणेकडे पवना धरणाचे पाणी पसरलेले दिसते. पलीकडे तुंग, डाव्या हाताला तिकोना. बाकीचे फोटो काढीत होते. मावशी कडेला बसून पाण्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी एका गावाचे नाव घेतले. ते त्यांचे माहेर. धरण १९७२ मध्ये पुरे झाले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. घराची कौले त्यांनी स्वतः उतरवली होती. त्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड वाढले, आणि कित्येक धरणग्रस्त खातेदारांच्या पुनर्वसनाचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले. "वाघेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात पानी उतरलं की उघडं पडतं म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "मी लगीन झाल्यापासून गेली न्हाई. माहेराला कुठनं हाका मारू, पान्यातनं?"

नातू शेजारी येऊन बसला होता. त्यांच्या वराळ्याच्या वीस गुंठ्यांना गिऱ्हाईक आले होते, हे मला ठाऊक होते. एमआयडीसी, कारखाने, कॉलेजे झाल्यापासून आमच्या पट्ट्यात ही बोलणी प्रत्येक ओसरीवर चालतात. घरात मुलगा आणि नातू विकायच्या बाजूचे, मावशी काहीच बोलत नसत. त्यांच्या बोलण्याची वाट पाहत इसाराचा कागद थांबला होता.

"आजी, तू काय म्हणतेस ते एकदा सांग ना," नातू म्हणाला.

मावशींनी पाण्यावरची नजर काढली नाही. "आमची गेली ती न इचारता गेली. तुमाला इचारायला तरी मानूस आलाय. इचारलंय तर घाईनं जबाब देऊ नगा, एवढंच."

मी या विषयात तोंड घातले नाही. जमीन विकावी की राखावी हे सांगायचा मला अधिकार नाही. विकून पोरांची शिक्षणे केलेली घरे मी पाहिली आहेत आणि विकून गाडी घेऊन ती गाडीही विकलेली पाहिली आहेत. नातवाने मात्र मला तिथेच विचारले, वीस गुंठ्यांत इंद्रायणी तांदूळ करून थेट गिऱ्हाइकाला विकला तर काय सुटेल? मी आकडे सांगितले. मजुरी धरून सांगितले, म्हणजे फार मोठे नव्हते. त्याने ते मोबाइलमध्ये टिपून घेतले.

उतरताना खिंडीतून मागे पाहिले तर विंचूकाट्यावर ऊन तिरपे झाले होते. मळवलीला लोकल दहा मिनिटे उशिरा आली म्हणून सगळ्यांना मिळाली. इसाराचा कागद हे लिहीपर्यंत तरी झालेला नाही. राब न भाजणाऱ्या बाईने तूस आणून ठेवले आहे. आणि वैशाखात पाणी उतरले की मावशींना घेऊन वाघेश्वराला जायचे ठरले आहे. जीप नातूच आणणार आहे.