माईंची अर्धी गोधडी

हा लेख आम्ही दोघी जावांनी मिळून लिहिला आहे. एकीने सांगायचे, दुसरीने लिहायचे आणि मग पहिलीने त्यावर काट मारायची, अशा रीतीने तो पुरा झाला. तेव्हा यातला 'आम्ही' हा मानाचा नव्हे, मोजून दोघींचा आहे.

आमचे घराणे इंदुरात सहा पिढ्यांचे. होळकरांच्या दफ्तरात कारकुनीसाठी आलेला मूळपुरुष नेमका कोणत्या गावाहून निघाला याविषयी घरात दोन मते आहेत. पण निघताना त्याच्याजवळ एक लाकडी पेटी आणि एक गोधडी होती, यावर मात्र आजवर कोणी वाद घातलेला नाही. ती पेटी अजून आहे. गोधडी अर्थातच नाही. ती झिजून दुसऱ्या गोधडीच्या पोटात गेली, ती तिसरीच्या. आमच्या सासूबाई, म्हणजे माई, म्हणत, "गोधडी संपत नाही, फक्त आत जाते."

माईंच्या हाताखाली आम्ही दोघी संसार शिकलो. थोरली उज्जैनची, धाकटी पुण्याची. पुण्याहून आलेल्या सुनेला पहिले नवल वाटले ते घरातली केराची टोपली जवळजवळ रिकामी असे याचे. माईंच्या राज्यात कापडाला एक ठरलेली उतरंड होती. नऊवारी लुगडे मध्यावर विरले की तेवढा भाग काढून, धड भाग एकमेकांना जोडून, दांड घालून ते पुन्हा नेसायचे. तेही अंगावर टिकेनासे झाले की मोठे तुकडे गोधडीला, लहान तुकड्यांची झबली-दुपटी, आणि अगदी शेवटी पोतेरे. दोरासुद्धा विकतचा नसे. मैद्याच्या आणि साखरेच्या पोत्याची शिवण नेमक्या टोकाला धरून ओढली की एका दमात सरसर उसवते आणि वावभर अखंड दोरा हाती येतो. चुकीच्या टोकाने ओढली तर नुसत्या गाठी. ते टोक ओळखणे ही आमची या घरातली पहिली परीक्षा होती, आणि दोघीही पहिल्या खेपेस नापास झालो.

माईंची मराठी पक्की इंदुरी. गोधडीला टाके घालण्यास त्या इथल्या हिंदीप्रमाणे 'डोरे घालणे' म्हणत. त्या हिंदी शब्दांचा दुसरा अर्थ कोणाला प्रेमाच्या जाळ्यात ओढणे असा आहे, हे पुण्याच्या सुनेला ठाऊक नव्हते. तिने शेजारच्या भाभींना मोठ्या अभिमानाने आपल्या नव्या हिंदीत सांगितले की, सासूबाई मला रोज दुपारी डोरे डालना शिकवतात. भाभींच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आले. बेळगावकडे जिला कौदी म्हणतात, देशावर कुठे वाकळ आणि इथल्या मालवीत गुदडी, तिचे नाव निघाले की आमच्या घरी आधी ही गोष्ट निघते.

एवढे सगळे असूनही माई वस्तू साठविणाऱ्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. काटकसरीच्या घरांची आठवण काढताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो. त्या म्हणत, "पेटीत ठेवलेलं कापड घडीवर फाटतं. ज्याला पुढचं काम सुचत नाही, त्यानं ते जपू नये, देऊन टाकावं." इंदुरात भंगाराला 'अटाला' म्हणतात. वस्तू आणि अटाला यांत फरक एवढाच, की वस्तूचे पुढचे रूप कोणाच्या तरी डोळ्यांसमोर असते.

याच वाक्यावरून पुढे आमच्यात बिनसले.

माई २०१२ साली गेल्या. मागे अकरा लुगडी राहिली. वर्षश्राद्ध झाल्यावर आमच्यापैकी एकीने ती सगळी बोहारणीला देऊन झाकणासह स्टीलचे एक मोठे पातेले घेतले. दुसरीच्या मनात त्या लुगड्यांची गोधडी करायची होती. घरात नातवंड येणार होते. पण ते तिने कोणाजवळ बोलून दाखविले नव्हते. एकीचे म्हणणे, माईंच्याच शिकवणीप्रमाणे मी ती देऊन टाकली. दुसरीचे म्हणणे, तू पातेल्यासाठी माईंना विकलेस. हे वाक्य फार जिव्हारी लागले. कोणी दिली आणि कोण बोलली, ते येथे लिहायचे नाही असे आमचे ठरले आहे. एक खरे, की त्या पातेल्यात पुढे दोन वर्षे कोणी काही शिजविले नाही. एकाच वाड्यात, एकाच तुळशीला पाणी घालीत, आम्ही कामापुरते बोलत राहिलो.

२०१५ साली वाडा पाडायचे ठरले. वारस पुष्कळ, तुळयांना वाळवी, आणि डागडुजीचा खर्च कोणालाच झेपणारा नव्हता. दोन्ही कुटुंबांनी शहराच्या दोन टोकांना सदनिका घेतल्या. जाताना वाड्यातले काय न्यायचे याची यादी झाली, आणि आमचे पहिले धडे चुकांचेच निघाले. ओसरीचा एक कोरीव खांब थोरलीने हट्टाने नेला. तो नव्या घराच्या छतापेक्षा उंच! तीन महिने तो इमारतीच्या तळमजल्यावर आडवा पडून होता, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत येत होता. कापायचे मन होईना. शेवटी वाळवी आतपर्यंत पोहोचल्याचे दिसले आणि तो अटालेवाल्याला वजनावर द्यावा लागला. वेळीच कापला असता तर निदान त्याचे दोन चौरंग झाले असते.

माजघराच्या दाराच्या बाबतीत म्हणून आम्ही शहाण्या झालो. सागवानी दार, साडेपाच फूट उंचीचे. वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. त्याची दोन कवाडे, प्रत्येकी वीस इंच रुंद. एक थोरलीकडे गेले, एक धाकटीकडे. मिस्त्रीने काही न पाहता रंधा मारायला घेतला आणि दुसऱ्याच फटक्यात पाते आत बुडालेल्या खिळ्यावर आपटून तुटले. जुन्या लाकडाचे काम करायचे तर आधी हात फिरवून, चुंबक लावून खिळे शोधावेत, ते जंबुराने उपटावेत आणि मगच रंधा धरावा, हे त्या पात्याच्या किमतीत शिकलो. धाकटीच्या मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती वाचकांनीही ध्यानात ठेवावी. जुन्या तेलरंगांत शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक. म्हणून रंग कोरडा घासू नये, जाळूही नये. पाण्याने भिजवून, उघड्यावर, तोंडाला फडके न बांधता चांगला मास्क लावून खरवडावा आणि खरवड गोळा करून वेगळी बांधावी. आम्ही तसे केले. वरचा हिरवा निघाला, त्याखाली निळा, त्याखाली करडा, आणि सर्वांत खाली गेरू. आमच्या सासूबाईंच्या सासूबाईंनी पाहिलेले दार आम्ही असे प्रथम पाहिले.

थोरलीकडच्या कवाडाचे लिहिण्याचे मेज झाले. हा लेख त्यावरच लिहिला आहे. धाकटीकडच्याला खाली चार पाय लावून खिडकीशी बाकडे केले. कडी मेजाला राहिली आहे, कोयंडा बाकड्याला. मिस्त्री दोन्ही काढून टाकू पाहत होता. आम्ही काढू दिले नाहीत.

गोधडी सापडली ती अगदी शेवटच्या दिवशी. माळ्यावर, मोडक्या पाळण्यात, जुन्या धोतरात बांधलेले गाठोडे होते. सोडले तर आत माईंचे मोरपंखी लुगडे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे तुकडे, एकेक पावणेसात फुटांचा, एकावर एक रचलेले. मालव्यातल्या पौष-माघाच्या थंडीसाठी मध्ये धोतराचा थर. सगळ्याला लांब कच्चे टाके घातलेले. मग कडेने धावदोरा सुरू करून, फेऱ्यामागून फेरा घेत, माई मध्याकडे निघालेल्या. तांदळाच्या दाण्याएवढे टाके. अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या होत्या. सुई तिथेच टोचलेली, गंजलेली, तिच्यात पोत्याचा दोरा ओवलेला.

वाटणीचे दिवस होते. घरातले कोणीतरी सहज म्हणाले, "मधोमध कापा, दोघींना एकेक लहान गोधडी होईल." तोवर आम्ही पितळी भांडी, देव, कपाटे, दारसुद्धा वाटून घेतले होते, ही सूचना गैर नव्हती. पण आमच्यापैकी एक म्हणाली, "अर्धवट शिवलेली कापली तर थर सुटतील. आधी पुरी करावी लागेल." दुसरी म्हणाली, "मग करू." दोन वर्षांत एवढे सरळ उत्तर आम्ही एकमेकींना दिले नव्हते.

त्या हिवाळ्यात गोधडी रिक्षाने शहरभर फिरली. एक आठवडा या टोकाला, एक आठवडा त्या. जमिनीवर पसरायची, चार कोपऱ्यांवर पाट ठेवायचे, आणि समोरासमोर बसून आत सरकत जायचे. खाली मान घालून टाके घालताना बोलणे सोपे जाते. एकमेकींकडे पाहावे लागत नाही. लुगडी, पातेले, ते वाक्य, सगळे निघाले. रडून झाले. ज्या वाक्याने बिनसले ते माईंचेच होते, आणि दोघींनीही ते अर्धेच ऐकले होते, हेही तेव्हाच कळले. देऊन टाकण्याआधी पुढचे काम सुचते का, हे घरात विचारायला हवे होते. आणि सुचले असेल तर ते सांगायला हवे होते.

सुईच्या गंजाचा डाग राहिला. लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवला. डाग फिकटला, पण गंजाने कुजलेला धागा तिथे तुटला आणि रुपयाएवढे भोक पडले. दुसऱ्या आठवड्यात, जिने लुगडी दिली होती, तिने आपल्या लग्नातल्या सुती माहेश्वरीच्या पदराचा तुकडा कापून आणला. चांगल्या साडीला कात्री लावणे माईंच्या कायद्यात बसत नव्हते. दुसरीने काही विचारले नाही. तो तुकडा तिने भोकावर ठेवला आणि ठिगळ लावले.

२०१७ सालापासून इंदूर स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले येत आले आहे. सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवीत येते आणि आमची नातवंडे ओला-सुका कचरा न चुकता वेगळा करतात. त्याचा आम्हांला आनंदच आहे. पण जुने कापड हाती आले की ती आता गाडीत टाकण्याआधी विचारतात, "आजी, याचं काय होईल?" हा प्रश्न त्यांना गोधडीने शिकविला.

गोधडी पुरी झाली तेव्हा ती कापण्याची आठवण कोणी काढली नाही. ती एक वर्ष या घरी असते, एक वर्ष त्या. नीट पाहिले तर तीन हात ओळखू येतात: माईंचे बारीक टाके, एकीचे लांब, एकीचे वाकडे. फाल्गुन सरला, ऊन तापले की ती धुवायची असते, आणि त्या दिवशी मात्र दोघींना एकत्र यावेच लागते. भिजलेली गोधडी फार जड होते. एकटीला ती पिळता येत नाही. एक टोक एकीने धरावे, दुसरे दुसरीने, आणि उलट दिशांना पीळ द्यावा.